दर दोन तासांनी : विष्णुपुरीच्या चोवीस तासांचा घटनाक्रम

नांदेडच्या विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. ३० सप्टेंबर २०२३ लागला त्या मध्यरात्रीपासून पुढच्या चोवीस तासांत तिथे २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालकं होती. त्यानंतरच्या दिवसभरात आणखी सात गेले. आकडा ३१ वर पोचला, त्यातला बालकांचा १६ वर. औषधं होती की नव्हती, डॉक्टर किती होते, जबाबदार कोण, यावर राज्यभर वाद झाला. त्या वादात एक प्रश्न मागेच राहिला : खाटेशेजारी हात किती होते?

रुग्णाची कूस बदलणं, मान सरळ ठेवणं, बसतं करून भरवणं, संडासला नेताना हात धरणं, खाटेचा कठडा वर करणं ही शुश्रूषेची पहिली कामं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती बहुधा लिहिलेली नसतात. ती घड्याळावर चालतात आणि हात कमी पडले की सगळ्यांत आधी तीच सुटतात. म्हणून हा घटनाक्रम घड्याळाच्या अंगाने, ते चोवीस तास संपायला किती वेळ उरला हे मोजत मांडला आहे. यातल्या तारखा, आकडे आणि निर्णय नोंदीतले आहेत. ३० सप्टेंबरचे मधले तास मात्र मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या कुठल्याही कक्षाचे आहेत : त्या वेळी परिचारिकेने काय करायचं असतं, आणि ते राहिलं तर रुग्णाच्या शरीरात काय सुरू होतं. अमुक मृत्यू अमुक काम राहिल्यामुळे झाला, असा दावा यात नाही.

उरले १४ दिवस : रविवार, १७ सप्टेंबर

मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षाची सांगता. आदल्या दिवशी राज्याचं मंत्रिमंडळ छत्रपती संभाजीनगरला बसलं आणि मराठवाड्यासाठी ४५ हजार कोटींहून अधिक रकमेच्या योजना जाहीर झाल्या. १७ सप्टेंबर हाच जागतिक रुग्णसुरक्षा दिनही आहे. जागतिक आरोग्य संघटना तो २०१९ पासून पाळते. उपचार घेताना रुग्णाला होणारी इजा, म्हणजे पडणं, चुकीचं औषध, अंथरुणातल्या जखमा, रुग्णालयातच लागलेला संसर्ग, ही जगभरची मोठी समस्या आहे आणि तिचा बराच भाग टाळता येण्यासारखा आहे, हे त्या दिवसामागचं कारण.

इशारा आधीच मिळालेला होता. ऑगस्टच्या मध्यावर ठाण्याजवळ कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले होते. तिथेही शेवटच्या टप्प्यात आलेले रुग्ण आणि क्षमतेबाहेरची गर्दी यांचीच चर्चा झाली. राज्यातल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयाची, प्रत्येक ड्युटीची माणसं मोजायला त्यानंतर दीड महिना हातात होता.

उरले ५२ तास : गुरुवार, २८ सप्टेंबर, रात्री ८

अनंत चतुर्दशी. गणपती विसर्जनाला निघाले आहेत. ईद-ए-मिलादही आजच आहे, पण मिरवणुका एकाच दिवशी नकोत म्हणून ईदची सुट्टी शुक्रवारी दिली आहे. मग शनिवार, रविवार आणि सोमवारी गांधी जयंती. पाच दिवसांची जोडसुट्टी. अशा सुट्ट्यांत छोट्या खासगी दवाखान्यांतली माणसं कमी होतात आणि अवघड रुग्ण ‘पुढे न्या’ म्हणून सरकारी रुग्णालयाच्या वाटेला लागतात.

नांदेडच्या बाबतीत ती वाट लांबची आहे. सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या परिघात या दर्जाचं दुसरं रुग्णालय नाही, असं रुग्णालय प्रशासनानेच नंतर सांगितलं. किनवट-माहूरचा आदिवासी पट्टा, हदगाव, भोकर, मुखेड, देगलूर, शेजारचा हिंगोली जिल्हा, परभणीचा काही भाग, सीमेपलीकडचा तेलंगण, सगळा भार विष्णुपुरीवर येतो.

हंगामही तसाच. सोयाबीन काढणीला आलेलं, कापसावर फवारणी चालू, गवत माजलेलं. साप चावलेले, फवारणीचं औषध अंगात भिनलेले, रस्त्यावर अपघातात सापडलेले रुग्ण या दिवसांत हटकून वाढतात. हे दरवर्षी होतं. ज्या गोष्टीचा महिना आधीच ठाऊक असतो, तिच्यासाठी जादा ड्युटी लावता येते.

उरले २४ तास : शनिवार, ३० सप्टेंबर, रात्री १२

मोजणी इथून सुरू होते.

मोठ्या कक्षातली रात्रीची ड्युटी एकट्या सिस्टरवर किंवा फार तर दोघींवर असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणानुसार शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या सामान्य कक्षात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक. विष्णुपुरीच्या रुग्णालयाची क्षमता पाचशेच्या आसपास खाटांची. त्या दिवसांत तिथे दाखल रुग्ण याच्या दुपटीच्या घरात असल्याचं पुढे आलं.

कामाचा हिशोब करून पाहू. कक्षात साठ रुग्ण धरा. त्यांतले दहा स्वतःहून कूस बदलू शकत नाहीत : कुणाला अर्धांगवायू, कुणाच्या डोक्याला मार, कुणी बेशुद्ध. अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. बारा तासांच्या रात्रीत दहा जणांच्या मिळून साठ कुशी होतात. एका वेळेला पाच मिनिटं धरली तरी तीनशे मिनिटं, म्हणजे अख्खे पाच तास. तेही दोघींनी मिळून, कारण एकटीने माणूस वळवायला गेलं तर तो चादरीवरून फरफटतो आणि खालची कातडी सोलते. सलाइन, इंजेक्शनं, रक्तदाब, नव्याने दाखल होणारे, आयत्या वेळी बिघडणारे, या सगळ्यांसाठी उरलेले सात तास. एकटी असेल तर यातलं काय सुटणार, हे कुठलीही सिस्टर सांगेल.

उरले २० तास : पहाटे ३.५६

बरोबर तीस वर्षांपूर्वी, ३० सप्टेंबर १९९३ ला, याच मिनिटाला लातूर जिल्ह्यातलं किल्लारी हादरलं होतं. तेव्हाही आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली, त्याहून कितीतरी जास्त जखमी झाली. लातूरला तेव्हा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं, ते २००२ मध्ये आलं. जखमींना सोलापूरपर्यंत न्यावं लागलं.

ढिगाऱ्याखालून माणूस काढताना घाईने हातपाय धरून उचललं जातं. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण ज्याचा मणका मोडला आहे आणि आतला मज्जारज्जू अजून शाबूत आहे, त्याला असं वाकवून उचललं तर तो रज्जू तिथेच दुखावतो आणि माणूस कायमचा पांगळा होऊ शकतो. अशा रुग्णाला अखंड ओंडक्यासारखं वळवायचं असतं, त्यासाठी चार जण लागतात. डोकं-मान धरणारा हुकूम देतो. दुसरा खांदे, तिसरा कंबर, चौथा पाय सांभाळतो. तिघंही त्याच्या आवाजावर एकदम वळवतात. मध्ये कुठेही पीळ पडता कामा नये.

किल्लारीने मराठवाड्याला घर कसं बांधावं हे शिकवलं. जखमी माणूस कसा उचलावा हे मात्र आजही गावोगाव शिकवलेलं नाही. अपघातातला रुग्ण अजूनही जीपच्या मागच्या बाकावर दुमडून तालुक्याला पोचतो. ३० सप्टेंबरला विष्णुपुरीत दगावलेल्या बारा प्रौढांपैकी तीन अपघाताचे होते.

उरले १८ तास : सकाळी ६

रुग्णालयात पडण्याचा धोका या वेळेला फार असतो. रात्रभर झोपलेला म्हातारा उठतो. लघवीचं औषध चालू आहे, त्यामुळे घाई आहे. रक्तदाबाची गोळी घेतलेली आहे, त्यामुळे उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. पायात गुळगुळीत सपाता, एका हातात सलाइनची बाटली. संडास कक्षाच्या दुसऱ्या टोकाला, फरशी ओली, दिवा बंद. सोबतचा मुलगा चहा आणायला खाली गेलेला. सिस्टर दुसऱ्या टोकाला रक्ताचे नमुने घेते आहे.

तो पडला तर खुब्याचं हाड मोडतं. पाय आखूड दिसतो आणि बाहेरच्या बाजूला वळतो. वयस्कर माणसाला खुब्याचा अस्थिभंग अंथरुणाला खिळवतो आणि मग छातीत कफ, पाठीला जखमा, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, असं एकामागून एक सुरू होतं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला साधा मारही आत रक्तस्राव करू शकतो.

हे टाळायला यंत्र लागत नाही. खाट खाली केलेली हवी, तिच्या चाकांना लॉक हवं, कठडा वर हवा. उठायच्या आधी रुग्णाला खाटेच्या कडेला पाय सोडून मिनिट-दोन मिनिटं बसवायचं, गरगरतंय का विचारायचं, मगच उभं करायचं. झोपायच्या आधी आणि पहाटे, त्याने हाक मारायची वाट न पाहता, संडासला जायचं आहे का हे विचारायला जायचं. भांडं हाताशी ठेवायचं. फरशी कोरडी, दिवा चालू.

आणि पडलाच, तर लगेच ओढून उभं करायचं नाही. आधी शुद्ध, मान, खुबा पाहायचा, डॉक्टरांना बोलवायचं, चादरीवर घेऊन तिघा-चौघांनी उचलायचं, पुढचे काही तास डोळ्यांच्या बाहुल्या आणि शुद्ध तपासत राहायचं. आणि नोंद करायची. बहुतेक ठिकाणी नोंद होत नाही, कारण नोंद केली की मेमो मिळतो. पडल्याची नोंद नाही म्हणून कागदावर कुणी पडत नाही, आणि कागदावर कुणी पडत नाही म्हणून फरशीला आणि दिव्याला पैसे मिळत नाहीत.

उरले १६ तास : सकाळी ८

ड्युटी बदलते. रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला ओव्हर देते, म्हणजे रुग्णांची माहिती सोपवते. खाटेशेजारी उभं राहून दिलेली ओव्हर आणि टेबलाशी बसून रिपोर्ट बुकातून वाचलेली ओव्हर, या दोन्हींत फरक आहे. खाटेशेजारी असलं की सलाइनची जागा सुजलेली दिसते, लघवीची पिशवी भरलेली दिसते, म्हातारीची टाच लाल झालेली दिसते.

कोण पडू शकतो हे ओळखायला मॉर्स मोजपट्टी जगभर वापरतात. तिच्यात सहाच गोष्टी आहेत. याआधी पडला आहे का? एकाहून जास्त आजार आहेत का? चालायला काठी किंवा आधार लागतो का? सलाइन चालू आहे का? चाल कशी आहे? आणि आपल्याला काय झेपेल याचं त्याला स्वतःला भान आहे का? अनुभवी सिस्टरला यासाठी दोन मिनिटंही लागत नाहीत. पण साठ रुग्णांमागे ती दोन मिनिटं दोन तास होतात. म्हणून ही मोजपट्टी परिचर्या महाविद्यालयाच्या परीक्षेत लिहिली जाते आणि कक्षात सुटते.

उरले १३ तास : सकाळी ११

फवारणीचं औषध पोटात गेलेला तरुण शेतकरी. मराठवाड्यातल्या प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयाला हा रुग्ण ओळखीचा आहे. कीटकनाशकाचा उतारा म्हणून त्याला अॅट्रोपिन चढवलेलं असतं. त्या औषधाने जीव वाचतो, पण प्रमाण वाढत गेलं की रुग्णाला भ्रम होतो. तो हवेतल्या वस्तू पकडतो, नळ्या उपसतो, खाटेवरून उडी मारायला जातो. अशा वेळी त्याला कापडी पट्टीने खाटेला बांधतात. बांधलेला हात दर थोड्या वेळाने पाहिला नाही तर मनगट काळंनिळं पडतं. पालथा किंवा नुसता उताणा बांधला आणि उलटी झाली, तर ती श्वासनळीत जाते.

अशा रुग्णाला कुशीवर ठेवायचं, तोंडातली लाळ खेचून काढायची, अंगावरचे औषधाने भिजलेले कपडे काढून अंग धुवायचं, कठडे वर ठेवायचे आणि जवळ एक माणूस बसवायचा. चारही गोष्टी साध्या, पण पाचवी सगळ्यांत महाग : तो एक माणूस. त्या दिवशीच्या अधिकृत यादीत विषबाधेचा एक रुग्ण आहे, हृदयविकाराचे चार, मूत्रपिंडाच्या आजाराचे दोन.

उरले ११ तास : दुपारी १

जेवणाची वेळ. अर्धांगवायू झालेल्या आईला लेक वरण-भात भरवते आहे. आई उताणी झोपलेली, मान मागे. भूक आहे, माया आहे, आणि घास श्वासनळीच्या वाटेवर आहे. गिळण्याची ताकद गेलेल्या माणसाच्या छातीत अन्नाचे कण उतरले की दोन-तीन दिवसांत ताप येतो आणि ‘न्यूमोनिया झाला’ असं कळतं. तो एका घासाबरोबर आला, हे कुठेच लिहिलं जात नाही.

खाटेचं डोकं तीस ते पंचेचाळीस अंशांनी वर, शक्य असेल तर पूर्ण बसतं. हनुवटी किंचित छातीकडे. लहान घास, निकामी बाजूला न देता चांगल्या बाजूच्या गालात. नाकातून नळी असेल तर ती पोटातच आहे ना याची खात्री करूनच दूध. भरवल्यानंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. खाटेला डोकं वर करायचा दांडा नसेल तर पाठीमागे घडी घातलेली गादी चालते. लेकीला हे एकदा दाखवायला सिस्टरला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं पुढचे आठ दिवस वाचवतात.

उरले ८ तास : दुपारी ४

नवजात कक्ष. त्या दिवशी इथे सगळ्यांत जास्त जीव गेले. अवघ्या काही दिवसांची बाळं, बरीचशी कमी वजनाची. चार बाळं अखेरच्या अवस्थेत आणली होती, असं प्रशासनाने सांगितलं. चोवीस खाटांच्या नवजात अतिदक्षता कक्षात साठहून अधिक बाळं असल्याचं त्या दिवसांत समोर आलं.

कमी दिवसांच्या बाळाची मान छातीकडे वाकली की श्वासनळी मिटते, फार मागे गेली तरी मिटते. म्हणून खांद्याखाली कापडाची बारीक घडी देऊन मान मध्यावर ठेवावी लागते आणि बाळ हललं की पुन्हा लावावी लागते. त्याचं तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंशांच्या मध्ये राहायला हवं. बाळ थोडं गार पडलं तरी ऊब टिकवायला ते अंगातली साखर आणि प्राणवायू जाळू लागतं. वॉर्मरच्या बाजूच्या पट्ट्या वर हव्यात, नाहीतर बाळ घरंगळतं. एका वॉर्मरवर दोन-तीन बाळं ठेवली की तापमान मोजणारी तार एकाच बाळाचं ऐकते, आणि एकाचा जंतू तिघांना लागतो. एका बाळाला हात लावून दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी हात धुवायचे असतात, प्रत्येक वेळी.

इथेही हिशोब मांडू. साठ बाळांपैकी निम्म्यांना जरी दर दोन तासांनी नळीने किंवा वाटी-चमच्याने दूध द्यायचं, तर दिवसाला ३६० वेळा. एका वेळेला पंधरा मिनिटं, म्हणजे नव्वद तास. एका दिवसाचे तास चोवीस. नुसतं दूध पाजायला, दुसरं काहीही न करता, चौघी परिचारिका अष्टौप्रहर लागतील.

यातून काही प्रमाणात वाट काढणारा उपाय स्वस्त आहे : ज्या बाळाचा श्वास स्थिर आहे त्याला आईच्या छातीला, कातडीला कातडी लावून, उभं बांधून ठेवायचं. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. आईच्या अंगाची ऊब मिळते, मान ठीक राहते, दूध जवळ असतं. जागतिक आरोग्य संघटना आता ती जन्मानंतर लगेच सुरू करायला सांगते. पण त्यासाठीही आईला बसायला खुर्ची, पडदा आणि बाळ कसं बांधायचं ते दाखवणारी सिस्टर लागते.

उरले ६ तास : सायंकाळी ६

रुग्णवाहिका येतात. दिवसभर तालुक्याला थांबलेले रुग्ण अंधार पडता पडता ‘नांदेडला न्या’ म्हणून निघतात. त्यांत एखादी दिवस भरत आलेली बाई असते. वाढलेला रक्तदाब, डोकं दुखतंय, रस्त्यात झटका येऊन गेला. तिला उताणं आणलं असेल तर गर्भाशयाचं ओझं पोटामागच्या मोठ्या शिरेवर पडतं, हृदयाकडे रक्त कमी जातं, बाळाचंही अडतं. डाव्या कुशीवर वळवलं की ते ओझं सरकतं. झटका येत असेल तेव्हा कुशीवर, कठड्यांना उशा, तोंडात चमचा घालायचा नाही. नवऱ्याला, सासूला, गाडीच्या चालकाला हे ठाऊक असेल तर वाटेतच अर्धी लढाई सावरते.

मग स्ट्रेचरवरून खाटेवर. दोन्हींना लॉक, दोन्हींची उंची एकसारखी, खाली चादर, तिघं-चौघं. कक्षसेवकाची पदं रिकामी असली की हे काम नातेवाइकांवर येतं, आणि घाबरलेला भाऊ काखेत हात घालून ओढतो.

उरले २ तास : रात्री १०

सकाळी वळवलेला अर्धांगवायूचा रुग्ण तसाच उताणा आहे. माकडहाड, टाचा, खांद्याची पाती, डोक्याचा मागचा भाग, इथे हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, तिचं रक्त थांबतं. गोऱ्या अंगावर लाल चट्टा दिसतो. आपल्याकडच्या सावळ्या अंगावर तो दिसत नाही, हात लावून पाहावा लागतो : जागा गरम आहे का, कडक लागते का? तिथे चोळायचं नाही; चोळल्याने आतली दुखावलेली पेशी फाटते. टायरसारखी गोल उशीही नको, तिची कड रक्त अडवते. तीस अंशांनी कलतं ठेवायचं, गुडघ्यांमध्ये उशी द्यायची, टाचा गादीवरून अधांतरी ठेवायच्या.

हे जमतं याचा पुरावा महाराष्ट्राकडे आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. एक्केचाळीस वर्षांहून अधिक. केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना पुसलं, भरवलं, वळवलं. त्यांच्याबाबतच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या शुश्रूषेचा गौरव केला. इतक्या वर्षांत अंथरुणातली एकही जखम झाली नव्हती, ही बाब न्यायालयापुढे होती. कुठलंही महागडं यंत्र त्यामागे नव्हतं. हात होते, आणि त्या हातांना वेळ होता.

शून्य : रात्री १२

२४. बारा प्रौढ, त्यांत सात स्त्रिया आणि पाच पुरुष. बारा नवजात.

नंतरचे तास

सोमवारी, २ ऑक्टोबरला, बातमी फुटली. रात्रीपर्यंत आणखी सात मृत्यूंची भर पडलेली होती. मंगळवारी मंत्री आले, विरोधी नेते आले. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं आणि ती चित्रफीत देशभर फिरली. त्या प्रकरणी खासदारांवर गुन्हा नोंदला गेला. बुधवारी मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्या. आरिफ डॉक्टर यांच्या खंडपीठाने मंजूर आणि भरलेल्या पदांचा, खर्चाचा तपशील मागितला. रुग्णभार वाढला म्हणून किंवा खासगी रुग्णालयांनी रुग्ण ढकलले म्हणून राज्याला जबाबदारी झटकता येणार नाही, असं बजावलं.

शौचालय घाण असणं हा रुग्णसुरक्षेचाच प्रश्न आहे; ओल्या, अंधाऱ्या संडासात म्हातारी माणसं पडतात. पण तो झाडू एका डॉक्टरच्या हातात देऊन सुटत नाही. तो सफाई कामगाराच्या, कक्षसेवकाच्या, मावशीच्या आणि सिस्टरच्या पदांनी सुटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. विष्णुपुरीत जे घडलं ते एका रात्रीत घडलं नाही. प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात दर दोन तासांनी थोडं थोडं घडत असतं, आणि एखाद्या जोडसुट्टीत सगळं एकदम वर येतं. औषधांची खरेदी सुधारली पाहिजे, डॉक्टरांची पदं भरली पाहिजेत. पण ज्या कामांना औषध लागत नाही, फक्त माणूस लागतो, ती कामं करायला माणूस नसेल, तर औषधही अपुरं पडतं.

म्हणून नांदेड आणि लातूरच्या रुग्णालयांकडून पुढच्या गोष्टी मागायला हव्यात. प्रत्येक कक्षाच्या दारावर फलक : या ड्युटीला रुग्ण किती, परिचारिका किती, कक्षसेवक किती. प्रत्येक खाटेला चालणारं लॉक आणि कठडा, हाताशी घंटी, संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा. कूस बदलल्याचा दोन तासांचा तक्ता खाटेच्या पायथ्याशी. पडल्याची नोंद करणाऱ्या सिस्टरला मेमो न देता त्या नोंदीवरून फरशी आणि दिवे दुरुस्त करणं. आणि सुट्ट्यांच्या आठवड्याला, फवारणीच्या हंगामाला जादा ड्युटी.

वाचकांनाही सांगणं आहे. तुमचं माणूस दाखल असेल तर सिस्टरला पहिल्याच दिवशी विचारा : याला स्वतःहून उठू द्यायचं का? कोणत्या कुशीवर ठेवायचं? भरवताना किती बसतं करायचं? उत्तर कागदावर लिहून उशाशी ठेवा, म्हणजे सोबतीला बदलून येणाऱ्या प्रत्येकाला ते कळेल. रात्री चहाला जाताना कठडा वर करा आणि शेजारच्या नातेवाइकाला सांगून जा. कूस बदलायला सिस्टर आली तर दुसरे हात तुमचे असू द्या. एकटीने ते होत नाही. आणि ती दमलेली दिसली तर तिच्यावर आवाज चढवू नका. तुमचा आवाज तिच्या वरच्यांपर्यंत पोचला पाहिजे.

शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या सामान्य कक्षात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, हे देशाच्या परिचर्या परिषदेनेच ठरवलेलं प्रमाण आहे. आज रात्री तुमच्या कक्षात ते किती आहे, हे अधिसेविकेला लेखी विचारा. उत्तर लेखीच मागा.